आमची गल्ली कुठं हाय? : बालसाहित्यिकांना एक जाहीर सवाल

करवीर तालुक्यातल्या एका गावात, विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही काही कार्यकर्ते संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवतो. पाचवी ते नववीची मुले येतात. कुणाचे आईवडील वीटभट्टीवर आहेत, कुणाचे ऊसतोडीला, कुणाचे शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या कारखान्यात रोजंदारीवर. कुणाची आई सकाळच्या एस.टी.ने कोल्हापुरात धुणीभांड्याला जाते. वर्गात एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात लोकांनी दिलेली गोष्टीची पुस्तके आहेत.

मराठीतल्या एका नावाजलेल्या बालसाहित्यिक लेखिकेचे पुस्तक आम्ही महिनाभर वाचत होतो. मुलांना ते आवडले होते. एके दिवशी एका पोराने विचारले, "ही बाई जित्ती हाय व्हय?" आम्ही हसलो आणि मग गप्प झालो. पाठ्यपुस्तकात लेखकाच्या नावाखाली बहुतेक वेळा जन्म आणि मृत्यू अशी दोन्ही साले असतात. आमच्या मुलांनी लेखक पाहिला तो तेवढाच. लेखक नावाचा माणूस चहा पितो, बाजारात जातो, त्याला पत्र लिहिता येते, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

म्हणून आम्ही पोस्टातून 50 पैशांची पोस्टकार्डे आणली. 23 मुलांनी लेखिकेला पत्रे लिहिली.

पहिली अडचण पत्त्याची आली. पाठ्यपुस्तकांतल्या नमुना पत्रांत आम्ही लहानपणापासून एकच पत्ता पाहत आलो : अमुक चौक, तमुक नगर. आमच्या मुलांनी काय लिहायचे? आधार कार्डावर अजून जुने नाव आहे. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. तो योग्यच होता. पण गावाच्या तोंडात जुनेच नाव आहे आणि टपालही त्याच नावाने येते. आठवीतल्या एका मुलाने वस्तीचे नाव न लिहिता "हायस्कूलजवळ" असे लिहिले. हायस्कूल त्याच्या घरापासून दीड किलोमीटरवर आहे. तेरा वर्षांच्या पोराला कुणी शिकवले हे? कुणीही नाही. त्याला ठाऊक आहे की पत्र उघडण्याआधी पत्ता वाचला जातो.

सातवीतल्या एका मुलीने मात्र पत्ता होता तसा लिहिला आणि मजकूर असा लिहिला : "बाई, तुमचं पुस्तक लई आवडलं. तुमच्या गोष्टीतल्या गावात पार हाय, देऊळ हाय, नदी हाय, पाटलाचा वाडा हाय. आमची गल्ली कुठं हाय? गोष्टीतली पोरं आमच्याकडं खेळायला का येत न्हाईत?"

महिन्याभराने जाड पाकीट आले. लेखिकेने वेळ काढून उत्तरे लिहिली होती, त्याबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोत. शेळीबद्दल लिहिणाऱ्या मुलाला दोन पानांचे उत्तर होते. शेळीचे नाव काय, ती काय खाते, तिच्यावर कविता कर, असे सगळे. पावसावर लिहिणाऱ्या मुलीला शाबासकी होती. फक्त त्या एका मुलीचे उत्तर तिच्या नावाने नव्हते. ते आमच्या नावाने होते. त्यात लिहिले होते की मुलीचे अक्षर सुंदर आहे, पण या वयात मुलांच्या मनात असे विषय येऊ नयेत. मोठ्यांनी आपले प्रश्न मुलांच्या तोंडून विचारू नयेत. तिला फुले, पक्षी, पाऊस यांवर लिहू द्या. बालपण निरागस राहू द्या.

लेखिकेचे नाव आम्ही येथे लिहिणार नाही, कारण प्रश्न एका बाईंचा नाही. त्या सज्जन आहेत, त्यांनी 23 मुलांची पत्रे वाचली, हे सगळे मान्य. पण त्यांनी लिहिले ते मराठी बालसाहित्याचे प्रस्थापित धोरण आहे आणि त्या धोरणाविरुद्ध आम्हाला बोलायचे आहे.

पहिला मुद्दा निरागसतेचा. मुलांच्या जगात जात नसते, ती मोठी माणसे आणतात, असे सांगितले जाते. हे ज्यांच्या घरी जात दिसत नाही त्यांचे म्हणणे आहे. जात ज्यांच्या अंगावर येते त्यांना ती कोणत्या वयात कळते, हे शोधायला संशोधनाची गरज नाही. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनातला पहिलाच प्रसंग 1901 च्या सुमाराचा, म्हणजे भीमराव नऊ-दहा वर्षांचे असतानाचा आहे. आणि त्या प्रसंगाच्या मुळाशी एक पत्र आहे, हे आपण वाचताना विसरतो.

वडील कोरेगावला नोकरीवर. मुले साताऱ्यात. वडिलांनी सुट्टीत बोलावले, म्हणून मुलांनी पत्र टाकून कळवले की आम्ही अमुक गाडीने येतो. नवे कपडे घालून, आनंदाने निघाली. मसूर स्टेशनवर उतरली तर न्यायला कुणी नाही. स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली आणि जात कळताच तो मागे सरला. गाडीवाले तयार होईनात. दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची या अटीवर. जवळ जेवण होते, पण पिण्याच्या पाण्यावाचून ते घशाखाली उतरेना. रात्र तशीच काढली. पुढे कळले की पत्र पोचले होते, पण वडिलांच्या नोकराने ते त्यांना दिलेच नव्हते.

मुलांच्या मनात असे विषय कोण घालतो, याचे उत्तर या प्रसंगात आहे. भीमरावांच्या मनात तो विषय कुण्या कार्यकर्त्याने घातला नव्हता, मसूरच्या स्टेशनने घातला होता. आमच्या मुलीच्या मनात तो पारावरच्या नजरेने घातला, मैत्रिणीच्या आईने बाहेर ओट्यावर दिलेल्या वेगळ्या पेल्याने घातला. आम्ही फक्त पोस्टकार्ड दिले.

दुसरा मुद्दा : "मुलगी स्वतः असे विचारूच शकत नाही, तिला कुणीतरी सांगितले असणार." हा संशय फार जुना आहे. आमच्या माणसाने दुःख सांगितले की त्याला शिकवून पाठवलेला म्हणायचे. शेळीवरचे पत्र मुलाचे स्वतःचे आणि गल्लीवरचे पत्र आमचे, हे लेखिकेने कशावरून ठरवले? दोन्ही पत्रांत अक्षर मुलांचेच होते, चुकाही मुलांच्याच होत्या. फरक एवढाच की एक पत्र वाचून लेखिकेला बरे वाटले आणि दुसरे वाचून अवघडल्यासारखे झाले. मूल आपल्याला बरे वाटेल ते बोलले की ते उत्स्फूर्त, आणि अवघड बोलले की पढवलेले, हा निकष बालसाहित्याचा नाही, वर्चस्वाचा आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात (1989) कलम 12 आहे. आपल्याशी संबंधित बाबींवर मत मांडण्याचा आणि त्या मताला वय व समज पाहून योग्य वजन मिळण्याचा मुलाचा हक्क ते कलम मान्य करते. भारताने हा करार 1992 मध्ये स्वीकारला. 'मत' म्हणजे फक्त पावसाबद्दलचे मत, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

तिसरा मुद्दा परंपरेचा. मराठी बालसाहित्याला असे विषय मानवत नाहीत, असे म्हणणाऱ्यांना आम्ही 1855 साली घेऊन जाऊ इच्छितो. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे. मांग समाजातली, पोरवयाची. तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकाने छापला. त्या पोरीने फुले-पक्ष्यांवर लिहिले नाही. वेद जर केवळ ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता, आमचा ग्रंथ कोणता, असे तिने थेट देवालाच विचारले. पेशवाईत आपल्या माणसांचे काय हाल झाले ते लिहिले. उघड्यावर बाळंत होणाऱ्या आपल्या बायांच्या वेदना लिहिल्या. मुलीच्या हातून मराठीत उतरलेला हा पहिल्या निबंधांपैकी एक. म्हणजे मराठीत मूल लिहू लागले त्या सुरुवातीलाच वस्तीतली पोर जातीचा सवाल विचारत होती. ही आमची परंपरा आहे. 'असे विषय' आम्ही नव्याने आणलेले नाहीत. तुम्ही ते मधल्या काळात बाहेर काढले आहेत.

मुक्ताची एक आठवण आपल्याकडे सांगितली जाते. निबंध ऐकून खूश झालेल्या साहेबाने तिला खाऊ दिला, तेव्हा ती म्हणाली की खाऊ नको, वाचनालय द्या. आमच्या मुलीला "अक्षर सुंदर आहे" हा खाऊ मिळाला. तिने मागितले होते उत्तर.

आता साने गुरुजींबद्दल बोलणे भाग आहे, कारण मराठीत मुलांशी पत्रांतून बोलणारा लेखक म्हटले की त्यांचेच नाव येते. अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी ते हाताने दैनिक लिहून काढत. पुतणी सुधा हिला लिहिलेली त्यांची पत्रे 'सुंदर पत्रे' म्हणून घराघरांत गेली. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी मे 1947 मध्ये उपोषण केले. देवळात जाऊन आमची मुक्ती होईल असे बाबासाहेबांनी मानले नाही, आम्हीही मानत नाही. पण ज्या माणसाने जीव पणाला लावला त्याच्या हेतूवर आम्ही शंका घेणार नाही.

शंका वेगळीच आहे. गुरुजींच्या प्रेमळ पत्रांचा वारसा सांगणाऱ्यांनी त्या पत्रांतले प्रेम उचलले आणि उपोषण सोडून दिले. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'त एका म्हाताऱ्या महार बाईची मोळी उचलून देण्याचा प्रसंग आहे. आई श्यामला मदतीला पाठवते. पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांनी तो प्रसंग श्यामच्या बाजूने वाचला आणि आपण किती चांगले, असे वाटून घेतले. त्या म्हातारीच्या घरीही एखादे नातवंड असेल. त्याने श्यामला पत्र लिहिले असते तर काय लिहिले असते? दया करणारे मूल मराठी बालसाहित्यात भरपूर आहे. जिच्यावर दया केली तिच्या नातीचे पत्र मात्र छापायला कुणी तयार नाही. आणि आता ती नात पत्र पाठवते आहे, तर उत्तर तिच्या नावाने येत नाही.

जगात याहून वेगळे करून दाखवलेला बालसाहित्यिक झाला आहे. पोलंडमधला यानुश कोर्चाक. डॉक्टर, मुलांसाठी गोष्टी लिहिणारा, वॉर्सातल्या ज्यू अनाथ मुलांचे वसतिगृह चालवणारा. 1926 साली त्याने एका ज्यू दैनिकाची साप्ताहिक पुरवणी सुरू केली. ती मुलांच्या पत्रांतून, मुलांच्याच लिखाणातून उभी राहत असे. ज्यू म्हणून रस्त्यात कुणी डिवचले, शाळेत कुणी हिणवले, हेही मुले लिहीत आणि ते छापले जाई. निरागसता बिघडेल म्हणून त्याने मुलांना गप्प केले नाही. पुरवणी 1939 पर्यंत चालली. ऑगस्ट 1942 मध्ये नाझींनी वसतिगृहातल्या मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेले, तेव्हा स्वतःचा जीव वाचवण्याची संधी नाकारून तो मुलांबरोबर गेला. मुलांवर प्रेम करतो असे म्हणणाऱ्या प्रत्येक लेखकाने हे नाव लक्षात ठेवावे. एवढे कुणी आपल्याकडे मागत नाही. आम्ही फक्त एक पोस्टकार्ड मागतो आहोत.

पोस्टकार्डाची ताकद आंबेडकरी चळवळीला चांगली माहीत आहे. औरंगाबादेतून 'अस्मितादर्श' चालवणारे गंगाधर पानतावणे खेड्यापाड्यांतल्या नवख्या पोरांना पत्रे टाकून लिहिते करत असत. ज्याच्या घरात पाटीपलीकडे लिहिण्याचे साधन नव्हते, त्याला एका संपादकाचे चार ओळींचे कार्ड येते, त्यावर त्याचे नाव असते आणि मजकूर असतो की तुझे लिहिलेले मिळाले, पुढचे पाठव. याने माणूस उभा राहतो. मराठी दलित साहित्याची एक फळी अशा कार्डांवर उभी राहिली. संपादकाने त्यांना दुःख सोडून पक्ष्यांवर लिहा म्हटले असते, तर मराठी साहित्य आज किती दरिद्री असते?

समाजशास्त्रात सांस्कृतिक भांडवल अशी संकल्पना आहे. पिएर बोर्द्यू या फ्रेंच विचारवंताने ती मांडली. साधा अर्थ असा की पैशाइतकीच भाषा, पुस्तके, ओळखी, वागण्याची रीत हीही वारशाने मिळणारी मालमत्ता असते. ज्या घरात लेखक जेवायला येतात त्या घरातल्या मुलाला लेखकाला काय लिहावे आणि काय लिहू नये, हे न शिकवता कळते. तो पावसावर लिहितो, कारण त्याच्या घराला पाऊस खिडकीतून दिसतो. 2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगेचे पाणी आधी कुठे शिरले, सखल भागात घरे कुणाची होती, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. आमच्या मुलांनाही पावसावर लिहिता येते. पण त्यांच्या पावसात भिजलेली दप्तरे असतात, शाळेतल्या छावणीतल्या रात्री असतात. तोही पाऊसच आहे. तो बालसाहित्यात चालेल का, एवढे सांगा.

आता थोडे आपल्या घरातले. दुसऱ्यांना जाब विचारताना स्वतःला सोडणे ही बाबासाहेबांची शिकवण नाही. आपल्या वस्त्यांत 14 एप्रिलला आपण मुलांना स्टेजवर उभे करतो आणि मोठ्यांनी लिहिलेले भाषण पाठ म्हणायला लावतो. पोर अडखळले की खालून रागावतो. त्याने स्वतःचे काही लिहिले आहे का, असे किती जण विचारतात? विहारात ध्वनिक्षेपकासाठी वर्गणी निघते, गोष्टीच्या पुस्तकांसाठी निघत नाही. मुलांच्या तोंडून आपले प्रश्न विचारण्याचा आरोप लेखिकेने आमच्यावर केला. त्या मुलीच्या बाबतीत तो खोटा आहे, पण आपल्या स्टेजच्या बाबतीत तो अगदीच खोटा नाही. हे आपण कबूल करू आणि सुधारू. मूकनायक म्हणजे मुक्यांचा नायक. त्या पत्राला मदत करणारे शाहू महाराज ज्या कोल्हापूरचे, मार्च 1920 ची माणगाव परिषद ज्या जिल्ह्यातली, त्या जिल्ह्यातल्या आपल्या मुलांना आपणच पाठांतराने मुके करू नये.

शेवटी त्या मुलीचे काय झाले ते सांगतो. उत्तर आल्यावर आम्ही कार्यकर्त्यांनी ते आठ दिवस पिशवीतच ठेवले. तिला दाखवायचे की नाही यावर आमच्यात वाद झाला. कुणी म्हणाले, मन मोडेल. कुणी म्हणाले, लपवले तर आपणही कोरेगावच्या त्या नोकरासारखेच, पत्र येऊनही न देणारे. शेवटी वाचून दाखवले. तिने सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "मग गल्ली हाय का न्हाई?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. त्यानंतर दोन महिने तिने काही लिहिले नाही. बाकीची मुले पुन्हा कार्डे मागत होती, ती मागत नव्हती. एका पत्राचे किती नुकसान होते, ते मोजायला आमच्याकडे आकडा नाही, पण तिची रिकामी वही आहे. अलीकडे ती पुन्हा लिहू लागली आहे. पक्ष्यांवर नाही. आजीवर लिहिते आहे.

म्हणून मराठीतल्या सर्व बालसाहित्यिकांना आमच्या मागण्या अशा :

मुलाने पत्र लिहिले तर उत्तर मुलाच्या नावाने लिहा, शिक्षकाच्या किंवा संस्थेच्या नावाने नाही. त्याने दिलेला पत्ता पूर्ण लिहा, तो वाचून अडखळू नका. त्याच्या प्रश्नाचे उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही असे लिहा. मुलांना ते चालते. अक्षराची स्तुती करून प्रश्न टाळू नका. त्याची बोली प्रमाण भाषेच्या कात्रीने कापू नका. 'हाय' लिहिणारे मूलही मराठीच लिहीत असते. आणि तुमच्या पुढच्या पुस्तकातल्या गावाचा नकाशा एकदा काढून पाहा. पार, देऊळ, नदी, वाडा झाल्यावर गावाबाहेर जाणारी वाट कुठे जाते ते बघा. त्या वाटेवर घरे आहेत. त्या घरांत तुमचे वाचक राहतात.

आम्ही त्याच लेखिकेला पुन्हा पत्र लिहिले आहे. भांडण केलेले नाही. एवढेच लिहिले आहे की मुलीचा प्रश्न अजून शिल्लक आहे, आणि सोबत उत्तरासाठी एक कोरे पोस्टकार्ड जोडले आहे. त्यावर पत्ता मुलीने स्वतःच्या हाताने लिहिला आहे, तिचे नाव आणि वस्तीचे नाव. उत्तर आले की येथेच कळवू, जसेच्या तसे.

जय भीम!